‘बोलेल हो उशिरा!’

‘आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात हो, डॉक्टर. याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलले.’ श्रोतेहो, बालरोगतज्ज्ञ म्हणून हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. आणि कबूल करतो, एकेकाळी त्यावर मानही डोलावली आहे.

दवाखाना नुकताच सुरू केला होता, तेव्हाची गोष्ट. दीड वर्षाच्या मुलाला घेऊन एक आई आली. मुलगा एकही शब्द बोलत नव्हता. सोबतच्या आजी म्हणाल्या, ‘ऐकू छान येतं. ताट वाजवलं की वळून बघतो.’ मीही टाळी वाजवली. तो वळला. ‘थोडी वाट पाहू,’ मी म्हणालो. पुन्हा आला तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि त्याला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसल्याचं तपासणीत निघालं. आईनं तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, ‘तेव्हाच कळलं असतं तर?’

त्या दिवसापासून मी टाळीवर विसंबणं सोडलं. ताटाची, टाळीची परीक्षा फसवी असते. मुलाला हात हललेला दिसतो, सावली दिसते, जमिनीचा हादरा जाणवतो. काही मुलांना दार आपटल्याचा आवाज कळतो. पण ‘स’, ‘श’ असे बारीक आवाज मुळीच ऐकू येत नाहीत. बहिरं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, म्हणून घरात शंका येत नाही. ऐकू येणारं बाळ मग ‘बाबाबा’, ‘दादादा’ करू लागतं. हे मात्र हळूहळू गप्प होतं.

अशा बहुतेक मुलांच्या वाचेत दोष नसतो. भाषा कानावर पडतच नाही, म्हणून ती बोलत नाहीत. आणि मेंदू भाषा सर्वांत सहज शिकतो तो पहिल्या तीन वर्षांत. म्हणूनच डॉक्टर एक, तीन, सहा हा हिशेब सांगतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. ‘ओएई’ ही चाचणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, जरासुद्धा दुखत नाही. कमी दिवसांचं, काचेच्या पेटीत ठेवलेलं किंवा जन्मानंतर तीव्र कावीळ झालेलं बाळ असेल, तर ‘बेरा’ ही चाचणीही करावी. कानापासून मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो का, हे तिच्यात कळतं.

वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका. कारण स्वमग्नता असेल, विकासातला विलंब असेल; पण कान आधी तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते आणि गरज असेल तर पुढे पाठवलं जातं. मुंबईत वांद्रे इथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते आहे.

श्रवणयंत्र लावलं की काम संपलं असं मात्र नाही. मुलाशी बोलावं लागतं, दिवसभर. भाजी निवडताना ‘ही बघ मेथी, हिरवी हिरवी’ म्हणावं लागतं. हे काम आईएकटीचं नाही. बाबांचं, आजोबांचं, दादा-ताईचंही आहे.

तो मुलगा आता कर्ता झाला आहे. खुणांच्या भाषेत झकास गप्पा मारतो, नोकरी करतो. त्याचं काही अडलं नाही. पण घरात खुणा शिकली ती एकटी आई, तीही उशिरा. तिच्याशी मनातलं बोलायला त्याला सातवं वर्ष उजाडावं लागलं. ती वर्षं मी वाट पाहायला सांगितल्यामुळे लांबली. तुम्ही वाट पाहू नका.