कधीही म्हणजे कधी?

आकाशवाणी केंद्राच्या मंडळींनी मला बारा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, टीव्हीवरच्या बंद पडलेल्या मालिका ऑनलाईन नेणं. बारा मिनिटं पुष्कळ झाली, असं मी घरी म्हणालो. तर स्वयंपाकघरातनं उत्तर आलं, "तुम्हाला? तुम्हाला एका बिलाला अर्धा तास लागतो." तेव्हा आधीच सांगून ठेवतो. मला एकच गोष्ट सांगायचीय. मधेच कुणी चहा टाकायला उठलं तर परत आल्यावर तीच गोष्ट चालू असेल. मालिकेसारखीच.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीचा. पंचवीस वर्षं केबल चालवतो. पत्र्यांवरनं, लिंबाच्या फांद्यांवरनं वायर ओढली, मग सेट-टॉप बॉक्स बसवले, २०१९ मध्ये चॅनेलवार पैसे सुरू झाले तेव्हा घरोघरी बसून याद्या केल्या, आणि आता फायबरही टाकलंय. म्हणजे मी टीव्हीही विकतो आणि इंटरनेटही विकतो. यातलं कुठलंही वाढलं तरी माझं पोट भरतं. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही म्हणाल, केबलवाला आहे, ऑनलाईनच्या नावानं बोटं मोडणारच.

मालिका बंद पडली की चॅनेलला कुणी फोन करत नाही. मला करतात. "साडेसातला आमची मालिका लागंना, काय केलास रे?" मी म्हणतो, आक्का, मी काही केलं नाही, ती संपली. "संपली कशी? अजून तिचं लगीन व्हायचंय." यावर मी काय बोलणार? तिकडं मुंबईत दर गुरुवारी आकडे येतात. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेत, त्यावरनं कुठल्या मालिकेला किती माणसं ते ठरतं. आकडा घसरला की लेखकाला निरोप जातो, आवरा. मग दोन वर्षं हरवलेला नवरा एका मंगळवारी सापडतो, सासूला बुधवारी पश्चात्ताप होतो आणि शनिवारी सत्यनारायण. आक्का म्हणतात तेच खरं. संपली कशी?

आता यावर तोडगा निघालाय. बंद करू नका, अ‍ॅपवर न्या. हिंदीत हे होऊन गेलंय. कलर्सवरची 'इश्क में मरजावां २' मार्च २०२१ मध्ये टीव्हीवरनं उतरवली आणि पुढची गोष्ट वूट या अ‍ॅपवर चालवली. त्याआधी एमटीव्हीवरची 'कैसी ये यारियां', २०१४ सालची, तिचा तिसरा सीझन २०१८ मध्ये वूटवर आला, आणि कॉलेजच्या पोरांनी आवडीनं पाहिला. आपल्या मराठीत मालिका बंद झाली की तिचे जुने भाग अ‍ॅपवर पडून असतात, पण उरलेली गोष्ट तिकडं नेल्याचं फारसं दिसत नाही. म्हणूनच म्हणतो, आत्ताच बोललेलं बरं. एकदा चूल मांडून झाल्यावर धूर कुठं जातोय ते बघून काय उपयोग?

तर माझी ती एक गोष्ट. मालिका ऑनलाईन न्यायची तर खुशाल न्या. पण तिची वेळ बरोबर न्या.

वेळ म्हणजे घड्याळातली वेळ. साडेसात म्हणजे साडेसात. अ‍ॅपवाले जाहिरात करतात, कधीही बघा, कुठंही बघा. कधीही म्हणजे कधी हो?

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. त्यांची मालिका बंद झाली तेव्हा पुण्याच्या नातवानं त्यांना मोबाईलवर जुने भाग लावून दिले. आजींना मोबाईल येत नाही असं समजू नका. भजनं बघतात, रामलिंगच्या धबधब्याचे व्हिडिओ चार गावांना पाठवतात, पाण्याच्या टँकरवाल्याला व्हॉइस मेसेज टाकतात. महिन्याभरानं मी सहज विचारलं, मावशी, बघताय ना? म्हणाल्या, "न्हाई बाबा. कधीबी लागती म्हणलं की कधीच लागत न्हाई." मला वाटलं होतं त्यांना बटण सापडत नसेल. बटण सापडलं होतं. साडेसात हरवले होते.

या साडेसातवर काय काय उभं असतं बघा. साडेसातच्या आत भाकऱ्या उरकायच्या, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकायची. नातवंडांना अभ्यासाला बसवायचं, शेजारची येऊन पायरीवर बसायची. शेतातनं आलेला माणूस "काय चाललंय ही रडारड" म्हणत तिथंच टेकायचा आणि जाहिरात लागली की विचारायचा, मग ती गेली का माहेरी? गोष्ट निमित्ताला असते. घर त्या वेळी एका जागी येतं.

मी याला विरजणाचं उदाहरण देतो. घरी सगळे कंटाळलेत या उदाहरणाला, पण तुम्ही पहिल्यांदा ऐकताय. रात्री दूध कोमट करायचं, कालच्या दह्यातलं चमचाभर घालायचं, झाकून ठेवायचं. रोज. दोन-चार दिवस चुकलं की विरजण आंबून जातं, मग वाटी घेऊन शेजारी जावं लागतं. मालिका तशीच लागते. सुरुवातीला 'मागील भागात' दाखवतात ना, तो कालच्या दह्यातला चमचा. लोडशेडिंगनं भाग चुकला आणि सकाळी हापशावर शेजारणीनं सांगितला, ते उसनं विरजण. आणि दूध कोमटच लागतं, हे विसरू नका. कढत दुधात घातलं तर फुटतं, गार दुधात घातलं तर लागत नाही. संध्याकाळच्या त्या वेळी घर कोमट असतं. दुपारी एकटी बाई झोपेला आलेली, तेव्हा गार. सकाळी डब्याच्या घाईत कढत.

आता हेच दूध उचलून तुम्ही आपल्या भूमच्या भट्टीवर नेलं, तर त्याचा खवा होतो. खव्याला मी नावं ठेवणार नाही. भूम-वाशीकडचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा, यांना नावं ठेवून या जिल्ह्यात राहायचंय कुणाला? पाच लिटर दूध आटवा, किलोभर खवा होतो. टिकतो, लांब जातो, भाव चांगला येतो. पण खव्याला विरजण लागत नाही. आणि रोज रात्री भाकरीसोबत पेढा खाणारं घर मला दाखवा.

उदाहरण देतो. 'पवित्र रिश्ता'. २००९ च्या जूनमध्ये झी टीव्हीवर सुरू झाली, २०१४ पर्यंत चालली, चौदाशेच्या वर भाग झाले. हिंदी मालिका, पण घर मुंबईतलं, मराठी, सासू आपल्या उषा नाडकर्णी. आमच्या येडशीत ज्यांना हिंदीचा गंध नाही अशा बायका ती बघायच्या, आणि नाडकर्णीबाईंना घरबसल्या शिव्या द्यायच्या, मराठीतनं. २०२१ च्या सप्टेंबरात तीच मालिका नव्यानं मांडून झी फाईव्ह अ‍ॅपवर आणली. नायिका अंकिता लोखंडेच होत्या, सगळं होतं. पहिल्या खेपेला भाग किती? आठ. चौदाशे भागांच्या मालिकेचे आठ भाग! खवा म्हणतो तो हाच. पोरांनी एका रात्रीत संपवला आणि झोपली.

बरं, ज्यांना हे सगळं मागासलेपण वाटतंय त्यांच्यासाठी अमेरिका. तिकडं 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या दोन मालिका चाळीस-चाळीस वर्षं दुपारच्या टीव्हीवर चालल्या. २०११ मध्ये एबीसी चॅनेलनं त्या बंद करायचं जाहीर केलं. एका कंपनीनं हक्क घेतले आणि २९ एप्रिल २०१३ पासून दोन्ही इंटरनेटवर सुरू केल्या. पहिल्यांदा आठवड्याला चार-चार भाग. महिनाही झाला नसेल, तोवर कंपनीनं ते दोन-दोनवर आणले. कारण काय सांगितलं? लोक रोजच्या रोज येत नाहीत, साठवतात आणि एकदम बघतात. वर्ष संपायच्या आत दोन्हींचं आवरलं. पैशाची ओढाताण होती, कोर्टकज्जेही होते, सगळं खापर मी वेळेवर फोडत नाही. पण विरजण आंबलं होतं, एवढं नक्की.

याच्या उलट 'डेज ऑफ अवर लाइव्ज'. १९६५ पासूनची मालिका. २०२२ च्या सप्टेंबरात एनबीसीनं टीव्हीवरनं काढली आणि आपल्याच पीकॉक अ‍ॅपवर नेली. पण नेताना काय केलं? सोमवार ते शुक्रवार, रोज एक नवा भाग. ठरल्याप्रमाणे. ती चालली. म्हणजे वेळ बरोबर नेता येते! अवघड नाही!

त्याहून जुनी गोष्ट सांगतो, आणि ही रेडिओची आहे म्हणून सांगायलाच पाहिजे. 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये अमेरिकेत रेडिओवर सुरू झाली. १९५२ मध्ये टीव्हीवर नेली. नेली म्हणजे उचलून नेली नाही, चार वर्षं दोन्हीकडं चालू ठेवली. ज्याच्या घरी टीव्ही आला नव्हता त्याची गोष्ट तुटली नाही. पुढं ती २००९ पर्यंत चालली. आपले चॅनेलवाले चार वर्षं राहू द्या, चार आठवडे तरी दोन्हीकडं दाखवतील का? निदान खाली पट्टी फिरवा, मोठ्या अक्षरांत, मराठीत, की आक्का, अमुक दिवसापासून अमुक ठिकाणी, अमुक वाजता. वाजता हा शब्द पाहिजे त्यात.

आमच्या येडशीवरनं बार्शी लाईटची छोटी गाडी जायची. जुन्या लोकांना आठवत असेल, तेव्हा रेल्वेनं धाराशिवला यायचं तर येडशीला उतरून पुढं रस्त्यानं यावं लागायचं. मग ब्रॉडगेज झालं, मोठी लाईन शहराजवळनं नेली, चांगलं झालं. रूळ बदलले, डबे बदलले, इंजिन बदललं. पण स्टेशनात वेळापत्रक राहिलं ना? गाडी कुठल्या रुळावरनं का येईना, किती वाजता येणार ते कळलं पाहिजे. "कधीही येईल, कुठंही थांबेल" अशा गाडीला कोण पिशवी घेऊन बसतं?

आणि पत्ता तरी एक ठेवा. ते वूट अ‍ॅप मी मघाशी म्हणालो, ते २०२३ मध्ये जिओसिनेमात गेलं. जिओसिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत हॉटस्टारबरोबर मिळून जिओहॉटस्टार झालं. माझ्यासारख्या धंद्यातल्या माणसाला हे लक्षात ठेवताना बोटं मोजावी लागतात. टीव्हीवर एवढी भानगड नव्हती. चॅनेलचं नाव बदललं, अल्फा मराठीचं झी मराठी झालं, तरी माणसं जाग्यावर होती आणि घड्याळ जाग्यावर होतं.

थोडं ऐकणाऱ्यांनाही बोलतो, रागावू नका. मालिका फालतू असतात, लांबवतात, एकाच धक्क्याला तीनदा चेहरे दाखवतात, असं तुम्ही शिकलेली मंडळी म्हणता. तीनदा का दाखवतात, कधी विचार केलात? बघणारी बाई बघत नसते, ती ऐकत असते. तव्यावर भाकरी आहे, पाठ टीव्हीकडं आहे. पहिल्या धडामला ती मान वळवते, दुसऱ्याला भाकरी उलटते, तिसऱ्याला बघते. मालिका अर्धी रेडिओच आहे. मोबाईलवर नेली की कानात बोंडं घालून, हातात धरून, डोळे लावून बघावी लागते. भाकरी करपते. हे अ‍ॅप बनवणाऱ्यांना कोण सांगणार? त्यांच्या घरी भाकरी थापायला कोण आहे, कुणास ठाऊक. आणि पोरांनो, तुम्ही दीडपट वेगानं बघता ते मला माहीत आहे. आजीला मोबाईल लावून देताना तो वेग तरी नेहमीचा करून देत जा. एका घरात आठ दिवस सगळी सासुरवाडी चिमणीच्या आवाजात भांडत होती.

परत सांगतो, वेळ बरोबर न्या. अ‍ॅपवर भाग टाका, पण सगळे एकदम ओतू नका. रोज एक टाका, ठरल्या वेळेला, आणि वेळ झाली की मोबाईल वाजू द्या, दूधवाल्याच्या घंटीसारखा. हवं तर…

काचेपलीकडनं मला दोन बोटं दाखवतायत. दोन मिनिटं. ऑस्ट्रेलियाच्या 'नेबर्स'ची गोष्ट राहिली, ती एकदा बंद पडून अ‍ॅपवर परत आली होती. राहू द्या. त्यापेक्षा दुसरं सांगतो, हे मला काल रात्रीच सुचलं, पूर्ण झालेलं नाही.

मालिका अर्धी रेडिओ आहे म्हणालो ना. मग बंद पडलेली मालिका अ‍ॅपवरच का न्यायची? इथं आणा की. आकाशवाणीवर. मुंबई केंद्राचं 'पुन्हा प्रपंच' आठवतंय का? मीनावहिनी, प्रभाकरपंत, टेकाडे भावजी. नुसत्या आवाजावर घरं भरून जायची. आपल्याकडं आवाज आहे, वेळ आहे, निवेदक घड्याळ सांगतात, वीज गेली तरी रेडिओ सेलवर चालतो. उरलेली गोष्ट रोज पंधरा मिनिटं, साडेसातला. नट तेच बोलवायचे, शूटिंगचा खर्च नाही, दागिन्यांचा खर्च नाही. हक्काचं काय, पैसे कोण देणार, जाहिराती कुठं बसवायच्या, ते मी अजून… आणि साडेसातला बातम्या असतात का इथं? ते बघावं लागेल. पण पावणेआठ चालतील. पावणेआठ आक्काला चालतील का, ते मी उद्या विचारतो.

आता एकच बोट दाखवलंय.

बरं, स्टेशन रोडच्या आक्का, ऐकत असाल तर, तुमचा पॅक उद्या संपतोय. मी सकाळी येतो. नमस्कार.