घरांतलें झुंबर

झुंबर म्हटलें कीं जुन्या वाड्याचा दिवाणखाना डोळ्यांपुढें येतो. तक्तपोशीखालीं टांगलेल्या रंगीत हंड्या, मध्यभागीं लोलकांचें झुंबर, आणि सणासुदीला तें पुसून काढण्यासाठीं शिडीवर चढलेला गडी. ग्वाल्हेरची गोष्ट तर पुष्कळांच्या तोंडीं आहे. जयाजीराव शिंदे यांचा जयविलास राजवाडा इ. स. १८७४ सालीं बांधून झाला. त्याच्या दरबारी दालनांत दोन झुंबरें आहेत. एकेकाचें वजन साडेतीन टनांच्या घरांत सांगतात. तीं टांगण्यापूर्वीं छताचा भरंवसा पाहण्यासाठीं वर हत्ती चढविले, अशीहि आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या मंडळींनीं छताचा विचार आधीं केला हें बरें झालें. आज दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि झुंबर येऊं लागलें आहे, आणि तेथें हा विचार बहुधा शेवटीं सुचतो.

झुंबराला इतके लोलक कां लावीत? मेणबत्तीचा उजेड फार थोडा, हें त्याचें कारण. आजचा ९ वॅटचा एक एल्. ई. डी. दिवा साठ-पासष्ट मेणबत्त्यांइतका उजेड देतो. ज्या काळीं वीस-पंचवीस मेणबत्त्या एकदम लावणें ही चैन होती, त्या काळीं उजेड पुरवून पुरवून वापरावा लागे. इंग्लंडांत जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानें इ. स. १६७४ सालीं नव्या काचेचें पेटंट घेतलें, आणि पुढें तींत शिसें मिसळण्याची रीत पक्की झाली. ही काच पैलू पाडण्यास सोपी व प्रकाश अधिक वांकविणारी. तिच्या लोलकांत एका ज्योतीच्या अनेक ज्योती दिसत. लोलक नवा उजेड निर्माण करीत नाहींत. आहे त्याच्याच ठिणग्या करून ते खोलीभर उधळतात.

वीज आली आणि प्रश्न उलटा झाला. उजेड उदंड, पण तो डोळ्यांना खुपूं लागला. हें ज्यांनीं लवकर ओळखलें त्यांत डेन्मार्कचे पॉल हेनिंगसेन हे प्रमुख होत. त्यांचें बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या मंद प्रकाशांत गेलें. तीच सौम्यता विजेच्या दिव्यांत आणण्याचा ध्यास त्यांनीं घेतला, व इ. स. १९२५-२६ च्या सुमारास तीन छत्र्यांचा दिवा तयार केला. एकीखालीं एक छत्री अशा बेतानें बसविली कीं आंतला गोळा डोळ्यांवर येऊं नये, आणि उजेड मात्र छत्र्यांवर आपटून खालीं उतरावा. इ. स. १९५८ सालीं कोपनहेगनमधील एका उपाहारगृहासाठीं त्यांनीं तांब्याच्या ७२ पानांचें झुंबर केलें. मिटत्या कमळकळीसारखें तें दिसतें, आणि दिवा कोठूनहि दिसत नाहीं.

पूर्वेकडे हेंच काम कागदानें झालें. इसामु नोगुचि हे शिल्पकार इ. स. १९५१ सालीं जपानांतील गिफू शहरीं गेले. तेथील कारागीर बांबूच्या बारीक कामट्यांवर तुतीच्या सालीचा कागद चिकटवून कंदील करीत. नोगुचि यांनीं त्या कंदिलांत विजेचा दिवा बसविला आणि 'अकारी' नांवाची दिव्यांची मालिका सुरू केली.

बाजारांत आज आधुनिक म्हणून जीं झुंबरें मिळतात, त्यांपैकीं कित्येकांत हा विचार दिसत नाहीं. पितळी दांड्यांच्या टोकांना सहा किंवा आठ उघडे गोळे. म्हणजे चार-पांचशें मेणबत्त्या एके ठिकाणीं, आणि त्यांवर आडोसा नाहीं. पाहुणा क्षणभर वाहवा करितो. घरचीं माणसें मात्र आठ दिवसांत भिंतीवरचा साधा दिवा लावूं लागतात, कारण खालीं वाचीत बसणाऱ्या मुलाचे डोळे दिपतात. अशा झुंबरापेक्षां घरीं केलेलें कागदाचें झुंबर शतपट बरें.

आणि ही विद्या महाराष्ट्राला नवी नाहीं. ज्यानें दिवाळीचा आकाशकंदील बांधला आहे, त्याचें निम्में काम शिकून झालेलें आहे. कामट्यांचीं तीन कडीं वळावीं, मधलें सव्वा फूट व्यासाचें, वरचें व खालचें थोडें लहान. उभ्या कामट्यांनीं जोडून दोऱ्यानें आंवळावीं. पतंगाचा झिरझिरीत कागद येथें कामाचा नाहीं, त्यांतून गोळा दिसतो. जाडसर हातकागद घ्यावा. पुण्यास हातकागद संस्था इ. स. १९४० सालीं निघाली, तेव्हांपासून असा कागद या प्रांतीं परिचयाचा आहे. खळ शिजवितांना चिमूटभर मोरचूद घालण्याची बुकबाइंडरांची युक्ति ध्यानांत ठेवावी, म्हणजे कसर लागत नाहीं. मात्र मोरचूद विषारी, तो मुलांच्या हातीं देऊं नये. काचेची हौस असेल तर खालच्या कड्याला जुन्या बांगड्यांच्या माळा सोडाव्या. वाऱ्यानें त्या किणकिणतात.

पूर्वीचा तारेचा गोळा आपल्या शक्तीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग उष्णतेंत घालवीत असे. त्याच्याजवळ कागद म्हणजे आगीला आमंत्रण. एल्. ई. डी. दिव्यानें ही भीति पुष्कळ कमी केली. तरीहि दिवा व कागद यांत चार बोटांचें अंतर असावें, आणि वरचें व खालचें तोंड उघडें ठेवावें. दिवा पिवळसर, २७०० केल्विनचा घ्यावा. निळसर पांढऱ्या उजेडांत कागद निर्जीव दिसतो.

आतां जागेविषयीं. खोलीच्या मध्यावरचा हूक पंख्याचा असतो. पात्यांच्या वर दिवा आला तर सावल्या सारख्या नाचतात व डोकें दुखूं लागतें. म्हणून झुंबर जेवणाच्या मेजावर किंवा कोपऱ्यांत टांगावें. मेजापासून तें ३० ते ३६ इंच उंच असावें. माणसें जातात-येतात तेथें तळ जमिनीपासून निदान ७ फूट. वजन साखळीनें पेलावें, वायरनें कदापि नाहीं. वायर साखळींतून सैल सोडावी. काचेचें जड झुंबर असेल तर हूक थेट स्लॅबमध्यें बसवावा. पी. ओ. पी. चें खोटें छत शोभेपुरतें असतें, त्याला भार सोसत नाहीं. जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

काचेचें झुंबर पुसतांना वीज बंद करावी, आणि स्वतः शिडीवरून उतरून बाजू बदलावी. पुष्कळ जण एका जागीं उभे राहून झुंबरच फिरवितात. त्यानें वरचा आटा सैल होतो. कागदाचें असेल तर कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडावें, आणि पिवळें पडल्यावर दिवाळीच्या सुट्टींत मुलांकडून नवा कागद चढवून घ्यावा. सांगाडा तोच चालतो.