मुंबई बंदराची ओसरी

मराठी माणूस वेड पांघरून पेडगावला जातो. ब्रिटिश सैनिकाला मात्र खरंखुरं वेड लागायचं, आणि तेही देवळालीला! इंग्रजी शब्दकोशात 'डूलॅली' असा एक शब्द आहे. अर्थ सरळ : डोकं फिरलेला. हा शब्द म्हणजे नाशिकपासून हाकेच्या अंतरावर असलेली आपली देवळाली. गोऱ्यांच्या जिभेवर तिचं असं रूप झालं, आणि ती त्या भाषेत कायमची राहायला गेली.

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. देवळालीला लष्कराची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपवून मायदेशी परतणारे सैनिक इथे येऊन थांबायचे. त्यांना नेणारी जहाजं मुंबईहून सुटत, पण सैन्याची ने-आण साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात चाले. ज्याची मुदत ऐन उन्हाळ्यात संपली, त्याचे पुढचे कित्येक महिने देवळालीत बसून जायचे. कवायत नाही, काम नाही. वर ऊन, मग पाऊस, मग हिवताप. करमणूक म्हणजे दारू आणि भांडणं. असा माणूस एक दिवस विचित्र वागायला लागला की सोबती म्हणत, ह्याला 'डूलॅली टॅप' झालाय. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. बीबीसीने १९७४ साली सैनिकांच्या नाटक मंडळीवर एक विनोदी मालिका सुरू केली, तिची छावणीसुद्धा सुरुवातीला देवळालीलाच दाखवली होती.

समुद्रापासून इतकं आत, घाटाच्या वर बसलेल्या गावाचा जहाजांशी असा संबंध आला, याचं नवल वाटतं. नाशिकची नदीसुद्धा समुद्राकडे पाठ फिरवून निघते. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण गोदावरी निघते ती पूर्वेला, आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तरीही मुंबई बंदराचं अर्धं काम घाटमाथ्यावर चालायचं. बंदर हे घर मानलं, तर देवळाली ही त्याची ओसरी होती. आलेल्याने तिथे टेकायचं आणि हाक आली की आत जायचं.

क्रूझवाले ज्याला 'होम पोर्ट' म्हणतात त्याची गंमतही बंदराला घर मानण्यात आहे. जहाज वाटेत जिथे चार तास थांबतं, प्रवासी उतरून फोटो काढतात, टोप्या विकत घेतात आणि संध्याकाळी परत चढतात, ते नुसतं मुक्कामाचं बंदर. होम पोर्ट म्हणजे माहेर. सफर तिथून सुरू होते आणि तिथेच संपते. जहाजाच्या मागच्या अंगाला ज्या गावाचं नाव रंगवलेलं असतं ते हे गाव नव्हे. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक. जानेवारी २०२४ पासून ते अमेरिकेतल्या मायामीहून सुटतं, पण त्याच्या पाठीवर नाव आहे बहामातल्या नासाऊचं. सातबारा एका गावात आणि संसार दुसऱ्या गावात, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

माहेरी आलेल्या जहाजाचा दिवस बघण्यासारखा असतो. ते पहाटे धक्क्याला लागतं. सामानाच्या पेट्या आदल्या रात्रीच रंगीत चिठ्ठ्या लावून खोल्यांबाहेर ठेवलेल्या असतात. त्या आधी उतरतात, मग माणसं. दुपारी नवे प्रवासी चढायला लागतात. मधल्या चार-पाच तासांत शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या, पाणी आणि इंधन भरायचं, कचरा उतरवायचा. फोर्कलिफ्ट तांदळाची पोती, अंड्यांचे ट्रे आणि भाजीची खोकी जहाजाच्या पोटात ढकलत असतात. लग्नाचं एक वऱ्हाड निघालं आणि दुसरं त्याच कार्यालयात शिरतंय, अशा वेळी आचाऱ्याची जी धांदल उडते, तिला हजाराने गुणायचं.

आणि निघण्याआधी सराव. धोक्याचा भोंगा झाला तर कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं, हे प्रत्येकाला दाखवलं जातं. प्रवासी कंटाळतात, हसतात, मोबाइल काढतात. पण १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चिविताव्हेकिया बंदरात चढलेल्यांचा हा सराव व्हायचाच होता. बत्तीस जीव गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला : सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर झालाच पाहिजे.

मुंबईचं हे माहेरपण जुनं आहे. बॅलार्ड पिअर हे नाव पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांच्यावरून पडलं. विलायतेची टपाल-बोट तिथे लागायची आणि धक्क्यावरच रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. जहाजातून उतरायचं, चार पावलं टाकायची आणि गाडीत बसायचं. १९१२ च्या सुमारास सुरू झालेली 'पंजाब लिमिटेड' तिथूनच पेशावरला निघे. २४९६ किलोमीटर, सत्तेचाळीस तास. सहा डबे, त्यांतले तीन टपालाचे आणि तीन माणसांचे. माणसं किती, तर शहाण्णव. आणि गाडी रोजची नव्हे. बोटीच्या टपालाचा जो दिवस, तो गाडीचा. ती थळ घाट चढून, इगतपुरी-नाशिक-मनमाड करत उत्तरेला जायची. आजची पंजाब मेल ती हीच. आता फिरोजपूरपर्यंत धावते आणि नाशिक रोडला थांबते. स्टेशनवर चहाचा कप धरून तिची वाट बघणाऱ्याला ही गाडी मुळात एका बोटीची पाठराखीण होती, हे कोण सांगणार?

याच रस्त्याने उलट दिशेला गेलेला एक तरुण देवळालीला लागून असलेल्या भगूरचा. विनायक दामोदर सावरकर जून १९०६ मध्ये 'पर्शिया' या बोटीने मुंबईहून विलायतेला निघाले. चार वर्षांनी त्यांना कैदी म्हणून परत आणणारी बोट होती 'मोरिया'. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी त्या बोटीतून समुद्रात उडी घेतली, हे नाशिककरांना सांगायला नको. दोन्ही बोटी पी अँड ओ या एकाच कंपनीच्या होत्या. भगूरचा मुलगा आणि देवळालीतला कंटाळलेला सोल्जर, दोघांची वाट एकाच बंदरात संपत होती.

कोकणी माणसाची बोट वेगळी. तिला क्रूझ कोणी म्हटलं नाही. ती 'आगबोट', दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जाणारी. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या पडावातून तिच्यापर्यंत जायच्या. आज लक्षद्वीपला गेलेल्या क्रूझमधून पर्यटक छोट्या बोटीत बसून किनाऱ्याला जातात ते याच कारणाने, फक्त आता त्याचे पैसे जास्त पडतात आणि फणस नसतो. पावसाळ्यात या लांबच्या आगबोटी बंद. समुद्र आषाढात कसा असतो हे १७ जुलै १९४७ ने दाखवून दिलं. त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' वाटेतच उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आजही मुंबईचा क्रूझचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे धरतो आणि पाऊस आला की मिटतो. देवळालीच्या सैनिकाला जे पंचांग लागू होतं, त्याच्याशी हे बरंच जुळतं.

मधल्या काळात विमानांनी बोटींचे प्रवासी पळवले, धक्क्यावरचं स्टेशन बंद पडलं. मुंबईला पुन्हा जहाजांचं माहेर करायचे प्रयत्न झाले, ते गेल्या वीसेक वर्षांतले. २०१६ च्या डिसेंबरात इटालियन कंपनीचं 'कोस्टा निओक्लासिका' हंगामासाठी मुंबईला आलं आणि मालदीवच्या सफरी करू लागलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा निघाली. तिचं नाव कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं, पण जन्म जपानचा. तिकडे ती टोकियोहून दूरच्या ओगासावारा बेटांना माणसं आणि माल पोचवायची.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट 'कर्णिका'ची. १९९० मध्ये 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून ती सेवेत आली, पुढे ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युएल' झाली. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेस या भारतीय कंपनीने तिला मुंबईत आणलं. वर्ष होत आलं नाही तोच कोविड. जहाज उभं राहिलं तरी खर्च उभा राहत नाही. इंजिन चालू ठेवावं लागतं, खलाशांना जेवू घालावं लागतं, बंदराचं भाडं चढत जातं. कंपनी बुडाली, जहाज लिलावात निघालं आणि २०२० सरता सरता गुजरातेत अलंगच्या चिखलात तोडायला जाऊन पडलं. स्वयंपाकघरं, झुंबरं, खुर्च्या, सगळं अलंगच्या रस्त्याकडेच्या जुन्या बाजारात किलोवर.

तिच्याच वयाच्या दुसऱ्या जहाजाचं नशीब निराळं. १९९० चंच 'नॉर्डिक एम्प्रेस'. ते बांधलंच गेलं मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. लांबी २११ मीटर. मधे स्पॅनिश कंपनीकडे गेलं, परत आलं, क्यूबाच्या फेऱ्या केल्या. सप्टेंबर २०२१ पासून ते कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' म्हणून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करतं. पावसाळ्यात ते चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या सफरीही करतं. शनिवार-रविवारला जोडून रजा टाकणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला दोन-तीन रात्रींचं जहाज हवं होतं, आणि हे नेमकं त्याच मापाचं शिवलेलं निघालं.

त्याच बॅलार्ड पिअरवर आता नवं टर्मिनल उभं आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं ते भावनगरहून, दूरस्थ पद्धतीने. अलंगही त्याच जिल्ह्यात, हा योगायोग. सरकारी आकड्यांनुसार एका वेळी पाच जहाजं लागू शकतील आणि वर्षाला दहा लाख प्रवासी ये-जा करतील. तपासणीसाठी ७२ काउंटर आहेत. तुलनेसाठी, मायामीत २०२४ च्या आर्थिक वर्षात क्रूझ प्रवाशांची संख्या ऐंशी लाखांच्या वर गेली. इमारत झाली हे चांगलंच. पण १९१२ मध्ये पेशावरचं तिकीट काढलेल्याला जहाजाशेजारी गाडी मिळत होती. आज सीएसएमटीला उतरलेल्या नाशिककराला ट्रॉलीबॅग ओढत बाहेर येऊन टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालावी लागते. अंतर दीड-दोन किलोमीटर, म्हणून तो 'इतक्या जवळचं भाडं नाही' म्हणतो.

तरी लोक जातात. नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमारास पंचवटी पकडली की पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी. गाडीवाले समृद्धी महामार्गाने जातात. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. बरोबरच्या आजींना एकच काळजी : बोट लागेल का? मराठीत गाडी लागते, बोट लागते, आणि दोन्हींवर उपाय एकच, आवळासुपारी. मोठ्या जहाजाला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डुलणं पुष्कळ कमी करतात. जुन्या कसारा घाटाच्या वळणांना मात्र असे पंख नाहीत. त्या वाटेने गेलं, तर बोटीच्या भीतीने घेतलेली सुपारी निम्मी तिथेच संपते.

जहाजावर एखादा वेटर मराठीत बोलतो तेव्हा टेबलावर आनंदीआनंद होतो. हॉटेल मॅनेजमेंट करून 'बोटीवर' जाणारी मुलं नाशिक, रत्नागिरी, गोव्यात पुष्कळ आहेत. गोव्यात अशांना तारवटी म्हणतात. पण यांतल्या बहुतेकांचं जहाज मुंबईला येत नाही. ते विमानाने मायामी, बार्सिलोना नाहीतर सिंगापूरला जातात आणि तिथल्या धक्क्यावर चढतात, कारण त्यांच्या जहाजाचं माहेर तिथे आहे. सहा-आठ महिने समुद्र, मग दोन महिने घर, मग परत विमान. मुंबईत जहाजं वाढली तर या मुलांची नोकरी पंचवटीच्या पासावर येईल असं नाही. आईला धक्क्यापर्यंत पोचवायला येता येईल, एवढं मात्र होईल.

परतीच्या दिवशी जहाज सकाळी रिकामं होतं, पण पंचवटी संध्याकाळी सव्वासहाला. मधले तास फोर्टमध्ये सामान सांभाळत जातात. दोन-तीन रात्री पाण्यावर काढलेल्या माणसाला जमीन हलल्यासारखी वाटते. कानातल्या तोलाच्या यंत्रणेला जमिनीची सवय पुन्हा व्हायला थोडा वेळ लागतो. गाडीत बसल्यावर आजी डोळे मिटतात. कसाऱ्याला गाडी थांबते. इथून इगतपुरीपर्यंत ३७ फुटांना एक फूट असा चढ. १८६५ मध्ये रेल्वे वर पोचली ती याच चढाने. गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं येऊन लागतात आणि खालून एक धक्का बसतो. आजी दचकून खिडकीची पट्टी धरतात आणि नातवाला विचारतात, "कुठलं बंदर आलं रे?"