देवळाचा हिशेब सर्वांसमक्ष

(बीड जिल्ह्यांतील एका खेड्यांत चैत्र महिन्यांत, मारुतीच्या देवळासमोर जमलेल्या ग्रामस्थांपुढें तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आम्हांस येथें बोलावयास उभें केलें आहे तें देवळाच्या जीर्णोद्धाराविषयीं. आम्ही कीर्तनकार नव्हे, शास्त्री तर नव्हेच. पोरांना पाढे व बाराखडी शिकवितां शिकवितां केस पिकूं लागले, एवढीच आमची विद्या. तेव्हां देव कसा आहे व कोठें आहे हें आम्हांस विचारूं नका. देऊळ कोणाच्या घामानें उभें राहतें आणि त्याचा कारभार कोणाच्या गैरहजेरींत चालतो, एवढेंच आम्ही सांगणार आहों.

प्रथम परळीकडे पाहूं. वैजनाथाच्या पायऱ्या चढला नाहीं असा माणूस या सभेंत क्वचितच असेल. त्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकांत अहिल्यादेवी होळकरांनीं केला. या बाई कोण? आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवच्या, धनगराच्या घरच्या. 1725 सालीं खेड्यांत जन्मलेल्या या लेकीनें काशीला देऊळ बांधलें, सोमनाथाला बांधलें, आणि जेथें देऊळ तेथें घाट, विहीर, धर्मशाळा हेंही पाहिलें. देवाबरोबर वाटसरूच्या तहानेची सोय करावी, हें त्या बाईचें धोरण जरा ध्यानांत ठेवा. पुढें कलशाची गोष्ट निघेल तेव्हां तें उपयोगीं पडेल.

परळीची आणखी एक चाल आम्हांस फार आवडते. तेथें लिंगाला स्वतःच्या हातानें स्पर्श करून दर्शन घेण्याची रीत आहे. ज्या हाताला कोयत्यानें घट्टे पडले, ज्या हाताला चिखल, चामडें, भट्टीची काजळी लागली, तोच हात देवाला लागतो. मध्यें दुसऱ्याचा हात नको. पण देवळांची अशी मोकळीक सर्वांस सर्वकाळ होती असें कोणी समजूं नये. आपल्याच या मारुतीचें पहा. पूजा गुरवाची, घट कुंभाराचा, पालखी सुताराची, मशाल न्हाव्याची, आणि दोर वळून तोरण बांधावयाचें तें मातंगानें. तोरण दाराला लागलें कीं तें बांधणारानें मात्र पायरीखालीं उतरावें! देवाला त्याचें काम चालत होतें, फक्त तो चालत नव्हता. 1950 सालीं राज्यघटना अमलांत आली व तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता रद्द केली. आज पायरीवर कोणी अडवीत नाहीं. तथापि माणूस पायरीवर न अडवितां कारभारांतून बाहेर कसा ठेवतां येतो, हें आम्हीं गेल्या माघांत आमच्या डोळ्यांनीं पाहिलें. नुसतें पाहिलें नाहीं, त्यांत आमचा हातही होता.

तें सांगण्यापूर्वीं आंबेजोगाईची गोष्ट आठवा. योगेश्वरीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें, कोंकणांतून वऱ्हाड निघालें, पण मुहूर्ताला पोहोंचलें नाहीं. मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले, आणि देवी आंबेजोगाईलाच कुमारी राहिली. आमच्या आजीनें ही गोष्ट आम्हांस सांगितली तेव्हां आम्हीं विचारलें होतें कीं, मुहूर्त पुढें कां ढकलला नाहीं? त्यावर एक चापट मिळाली. प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

दसरा झाला कीं आपलें अर्धें गांव गाड्यांत बसतें. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी नगरकडे, कोणी कर्नाटकांत. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अगोदरच खाऊन झालेली असते, म्हणून पाऊल मागें घेतां येत नाहीं. एक दिवस आजारीपणांत गेला तर खाडा. कोप्यांतल्या थंडींत पहांटे उठून मोळ्या बांधाव्या, त्या रात्रींबेरात्रीं गाडींत भराव्या, असें पांच-सहा महिने चालतें. महाशिवरात्र फडावरच जाते. आमच्या वर्गांतील बाकेंही त्या दिवसांत रिकामीं पडतात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळें कांहीं मुलें आजीआजोबांजवळ राहतात, तेवढाच शाळेला आवाज.

अशा माघांत जीर्णोद्धाराची सभा भरली. हजर कोण? पारावरचे म्हातारे, कांहीं दुकानदार, दोन-तीन बागायतदार, आणि आम्ही. ठराव झाला कीं, शिखरावर सोन्याच्या मुलाम्याचा कलश चढवावा आणि दर कोयत्यामागें वर्गणी धरावी. अक्षर बरें म्हणून ठराव लिहिला आम्हीं! ज्यांच्या नांवावर वर्गणी लावली त्यांपैकीं एकही तेथें नव्हता, हें लिहितांना आमच्या ध्यानांत आलें नाहीं असें नाहीं. ध्यानांत येऊनही आम्ही गप्प राहिलों. पुढें वर्गणी मुकादमामार्फत परस्पर वळती झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं एक बाई शाळेच्या दारांत येऊन म्हणाली, "मास्तर, आमी नव्हतो तवा आमच्या नावानं पैसं लिवलं. ते कुठं लागलं?" आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. आजचें भाषण तें त्या बाईला द्यावयाचें उत्तर समजा.

आमचें म्हणणें असें. वर्गणी, बांधकाम आणि पंच निवडणें यांविषयींची सभा फडकरी गांवांत आल्यावरच भरावी. हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेला येते, ती त्यास चांगली. सप्ताहही तेव्हांच बसवावा. कोणी म्हणेल, हंगाम लांबला तर? लांबतो खरा. 2021-22 च्या हंगामांत कांहीं कारखाने जूनपर्यंत चालले. अशा सालीं सभा ज्येष्ठांत घ्या, सप्ताहही पुढें न्या. मारुतीराया रुसणार नाहीं. मुहूर्त माणसांसाठीं पुढें ढकलतां येतो.

पंचांत कोयत्याच्या घरचे दोघे असावे, त्यांत एक बाई. बाया वर्गणींत अर्ध्या कोयत्याच्या धनीण आणि कारभारांत कोणीच नाहींत, हा हिशेब आम्हांस गणितांत बसवितां येत नाहीं. हिशेब वाचणें ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सार्वजनिक देवस्थानासाठीं 1950 सालचा विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. त्याप्रमाणें नोंदणी करावी लागते, जमाखर्च लिहून ठेवावा लागतो, विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांच्या आंत धर्मादाय कचेरीस कळवावें लागतें. कायद्याचें नांव काढलें म्हणून कोणी रागावूं नये. ज्याची वही स्वच्छ आहे त्याला कायद्याचें भय कशाला?

आतां कलश. आम्ही कलशाच्या विरुद्ध नाहीं. पण सभामंडपाचे पत्रे गळतात. वसतिगृहाचीं पोरें संध्याकाळीं येथेंच दिव्याखालीं अभ्यासाला बसतात, आणि पावसाची सर आली कीं पाटीपुस्तक उचलून भिंतीला चिकटतात. फाल्गुनापासून म्हातारीकोतारी टँकरपाशीं घागर घेऊन उभीं राहतात. अगोदर पत्रे, मग पावसाचें पाणी सांठविण्यास देवळामागें एक हौद, आणि उरलें तर कलश, असा क्रम आम्ही सुचवितों. तुम्हांला कलशच अगोदर हवा असेल तर तसेंही होऊं द्या; मात्र तें येथें, हात वर करून, पैसे देणारांनीं ठरवावें. माघांतला तो ठराव आज पुन्हां सभेपुढें ठेवावा, अशी अध्यक्षांस आमची विनंती आहे.

वर्गणीची वही आम्हीं पंचांकडून मागून आणली आहे. ज्यांचें नांव येईल त्यांनीं रक्कम बरोबर आहे कीं नाहीं तें मोठ्यानें सांगावें. ती बाई मागें उभी आहे, तिनें पुढें यावें. पहिलें पान वाचतों.