दारू आणि घरचीं माणसें

वाशींतील एखादा गृहस्थ सकाळीं अंथरुणांतून उठण्याच्या स्थितींत नसतो, तेव्हां पत्नी कचेरींत कळविते, "त्यांना ताप आहे." या असत्यानें घरची अब्रू राहते, परंतु व्यसनही सुखरूप राहतें.

मद्यासक्ति हा केवळ स्वभावदोष नव्हे, रोग आहे. शरीर मद्यास सरावलेलें असतें. म्हणून मुलांची शपथ घालून एका दिवसांत दारू तोडविणें धोक्याचें. हात कांपतात, क्वचित् झटके येतात, भ्रमही होतो. यासाठीं डॉक्टरांची देखरेख हवीच.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यांत 'मुक्तांगण' सुरू केलें. नवी मुंबईहून तें फार दूर नाहीं. तेथें रुग्णांच्या पत्नींसाठीं 'सहचरी' नांवाचा गट निघाला, हें विशेष. कारण रुग्ण ३५ दिवसांनीं परततो तो त्याच घरांत. तेथें कोणी त्याचा खिसा तपासतो, कोणी तोंडाचा वास घेतो! संशय स्वाभाविक आहे, पण पहाऱ्यानें कोणी बरा होत नाहीं. त्यापेक्षां संध्याकाळीं त्याच्यासह फिरावयास जावें, पूर्वीची उधारी त्याची त्यालाच फेडूं द्यावी.

तो पुन्हां घसरला, तर शिव्याशाप न देतां परत उपचारास न्यावें. कचेरीला मात्र ताप आल्याचें कळवूं नये.