रिकाम्या दिवसांचा हिशेब



'कामात असलेल्या माणसाने रिकामा वेळ कसा वापरावा' हा विषय मला सुचवला गेला, तेव्हा आधी हसू आले. कामात असलेला माणूस रिकामा कसा, असे कुणीही विचारील. पण ज्यांचा पगार एक तारखेला होत नाही, जे नगावर, पानावर किंवा शब्दावर जगतात, त्यांना यात काही विसंगत वाटणार नाही. मी सोलापुरात घरी बसून भाषांतरे करते, मुद्रिते तपासते. कविताही लिहिते, पण कवितेवर विजेचे बिल भरता येत नाही.

आमच्या धंद्यालाही शेतीसारखा हंगाम असतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हाव्या लागतात. त्यामुळे साखर कारखाने, पतसंस्था, बँका यांचे अहवाल ऑगस्टमध्ये एकदम अंगावर येतात. त्याच सुमाराला दिवाळी अंकांची मुद्रिते सुरू होतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा पडली. आमच्यासारख्यांच्या चुली तीन महिने पेटत्या ठेवण्याचे पुण्य त्यांच्या खात्यावर आहे. त्या दिवसांत जेवायला फुरसत नसते. मग दिवाळी होते, अंक बाजारात जातात आणि फोन गप्प होतो. नोव्हेंबर, डिसेंबर, कधी अर्धा जानेवारी. 'सध्या काय चाललंय?' हा प्रश्न तेव्हा फार टोचतो.

याला इंग्रजीत 'फ्रीलान्स' म्हणतात. सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हॅन्हो' या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीपासून हा शब्द वाचकांच्या तोंडी बसला. तिथे त्याचा अर्थ भाडोत्री भालाईत असा आहे, जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा. आपण मराठीत त्याला 'मुक्त' म्हणतो, तेव्हा उगाच स्वातंत्र्यसैनिकासारखे वाटते. मला भालाईतच जवळचा वाटतो. लढाई चालू असेपर्यंत त्याला मान. लढाई संपली की तो भाला घेऊन कुठे बसत असेल, काय खात असेल, याची चौकशी कादंबरीकार सहसा करीत नाहीत.

रिकामपणाबद्दल आपल्या भाषेचे मत काही चांगले नाही. रिकामटेकडा, रिकामचोट असे शब्द आहेत. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण तर सगळ्यांना पाठ आहे. तुंबडी म्हणजे अंगातले रक्त ओढून काढण्याचे साधन. पूर्वी हे काम न्हावी करीत. या म्हणीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. मला मात्र त्या न्हाव्याची बाजू घ्यावीशी वाटते. गिऱ्हाईक नाही, संध्याकाळी घरी काय न्यायचे याचा घोर आहे, आणि हा माणूस झोपून न राहता भिंतीवर हात बसवतो आहे. तुंबडी नीट लागली नाही तर गिऱ्हाईक दुखावते. त्याने सराव भिंतीवर करायचा नाही तर काय आपल्या पाठीवर? ज्यांनी ही म्हण केली त्यांचे पोट बहुधा बलुत्यावर नसावे.

'फुरसत' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तो अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि मराठीत आला. अरबीत 'फुर्सा' म्हणजे संधी. फारसीतही संधीचा अर्थ टिकून आहे. आपल्याकडे येईपर्यंत संधी गळाली आणि मोकळा वेळ तेवढा उरला. हे मला कळले तेही अशाच एका रिकाम्या डिसेंबरात, शब्दकोश चाळताना.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलते. रिकामा वेळ सगळा एका जातीचा नसतो. एक चुरा असतो, म्हणजे छापखान्यातून दुसरे मुद्रित यायला अजून वीस मिनिटे आहेत, बँकेत आपल्या पुढे आठ माणसे आहेत, असा. या वेळात भाषांतर करू नये. वाक्य अर्ध्यावर सुटते आणि पुन्हा धरायला दुप्पट वेळ जातो. या वेळात बिले लिहावीत, थकबाकीची आठवण करणारे दोन ओळींचे निरोप पाठवावेत. आणि वही भरावी. माझी एक वही आहे, उर्दूत आणि मराठीत सारखे दिसणारे पण वेगळे वागणारे शब्द तिच्यात आहेत. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन पक्षांतला समेट, मराठीत म्हणजे नोकरी सोडणे. उर्दूत 'तकरार' म्हणजे पुनरुक्ती, वाद. मराठीत 'तक्रार' घेऊन माणूस थेट कचेरीत जातो. 'खुलासा' तिकडे सारांश असतो, इकडे स्पष्टीकरण. जुन्या कागदपत्रांच्या भाषांतरात असा एक शब्द चुकला तर जमिनीचा वाद उलटा फिरू शकतो. ही वही मी कधी सलग बसून केली नाही. रांगेत, बसथांब्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती झाली. आज तिच्यात नऊशेच्या वर शब्द आहेत आणि तिच्यामुळे मला चार कामे जास्त मिळाली.

चुऱ्यातून किती निघू शकते याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचे. टपाल खात्यात नोकरी करून त्यांनी सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. आगगाडीच्या प्रवासातही मांडीवर पाटी घेऊन लेखन चाले. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले, त्यात हे सगळे आहे. पण त्यातच आणखी एक गोष्ट आहे, जी व्याख्यानांतून सांगितली जात नाही. पहाटे साडेपाचला लिहायला बसता यावे म्हणून त्यांना उठवायला आणि कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. ट्रोलप मोकळ्या मनाने त्याचे ऋण मानतात. आमच्या घरी पहाटे उठवणारा तो म्हातारा म्हणजे मीच. आणि कॉफीही मीच करते!

घरून काम करणाऱ्या बाईचा रिकामा वेळ हा मोठा वादाचा विषय आहे. पुरुष खिडकीतून बाहेर बघत बसला तर तो विचार करीत असतो. बाई बसली की तिला काम नसते. 'भाभी, घरीच आहात ना? मग जरा गॅसवाला आला तर बघा,' हे मी तीस वर्षे ऐकते आहे. सिलिंडर शेजारचा, वेळ माझा. नातेवाइकांत कुणी आजारी पडले की दवाखान्यात कोण बसणार याचा निर्णय मला विचारण्याआधी झालेला असतो. रोजगार नसलेल्या महिन्यात तर नाही म्हणायला तोंडच राहत नाही. म्हणून मी एक नियम केला. काम असो वा नसो, सकाळी दहा ते एक मी टेबलाशी बसते. त्या वेळात मिळकत शून्य असली तरी मी 'कामावर' असते. पहिली दोन वर्षे घरच्यांना हे नाटक वाटले. आता माझा नातूसुद्धा एक वाजेपर्यंत दाराबाहेरूनच बोलतो. रमजानमध्ये हे वेळापत्रक पुढे सरकते. सहेरी आटोपून घर पुन्हा झोपते आणि गल्लीत पहिली सायकल वाजेपर्यंत जो तास मिळतो, तसा तास मला उरलेल्या अकरा महिन्यांत मिळत नाही.

याच संदर्भात जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण फार सैलपणे दिले जाते. 'पाहा, आपल्या आयाबहिणींनी दळता दळता काव्य केले!' हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तो केवढा ठेवा आहे हे सांगायला नको. पण त्या बायकांना फावला वेळ नव्हता. हात जात्यात अडकले होते, तोंड तेवढे मोकळे होते. बहिणाबाईंची गाणीही शेतात आणि घरात राबतानाच झाली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी ती जपली म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ती आपल्यापर्यंत आली. यातून 'वेळेचे नियोजन' शिकायला कुणी सांगितले की मला राग येतो.

चुऱ्यापेक्षा अवघड असतात ते सलग रिकामे आठवडे. या दिवसांत माणूस कष्टाने नाही, काळजीने थकतो. अलीकडे काळजीत भर पडली आहे. आता पुष्कळ लोक यंत्राकडून भाषांतर करून घेतात आणि 'फक्त नजरेखालून घाला' म्हणून निम्म्याहून कमी दर सांगतात. यंत्राच्या मराठीवर नजर घालणे म्हणजे दुसऱ्याने चुकीची शिवलेली चोळी उसवून पुन्हा शिवणे. असो.

अशाच एका आठवड्यात मी माझे जुने करारनामे बाहेर काढले आणि शेजारी १९५७ चा कॉपीराइट कायदा ठेवला. वकील नसलेल्या माणसालाही त्यातली काही कलमे समजतात. लेखकाने किंवा भाषांतरकाराने हक्क लिहून दिले, पण किती मुदतीसाठी हे करारात लिहिलेच नसेल, तर ती मुदत पाच वर्षे धरली जाते. माझ्या दोन पुस्तकांच्या करारात मुदतीची ओळच नव्हती आणि पाच वर्षे केव्हाच उलटली होती. एका पुस्तकाची तर दुसरी आवृत्ती मला न विचारता निघण्याच्या तयारीत होती. मी साधे पत्र लिहिले, कलमाचा आकडा घालून. प्रकाशकांनी आधी दुर्लक्ष केले, मग फोन केला, मग आवाज चढवला. शेवटी मानधन ठरवून नवा करार झाला. ती रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या कामाइतकी होती, आणि ती मिळाली काम नसलेल्या आठवड्यात.

दुसरी गोष्ट थकबाकीची. एका संस्थेने अहवालाचे पैसे चौदा महिने अडकवले होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्याखाली नोंदलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. घरात बसून सेवा देणारी बाईसुद्धा या अर्थाने उद्योग असू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नावाची नोंदणी सुरू झाली आहे, ती संगणकावर होते आणि फुकट होते. मधले लोक हजार-दोन हजार मागतात, देऊ नयेत. त्या जुन्या थकबाकीला नोंदणीचा उपयोग झाला नाही, कारण काम नोंदणीच्या आधीचे होते. ते पैसे हेलपाटे घालूनच निघाले. पण तेव्हापासून माझ्या बिलाच्या खाली नोंदणी क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ असते. बिले आता बरीच लवकर निघतात. शब्दांना दर देणारे लोकही आकड्यांनाच भितात.

आणि कुणीही न सांगितलेले एक काम या दिवसांसाठी राखून ठेवावे. माझ्यापुरते ते सआदत हसन मंटो आहेत. ते १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरला वारले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०१६ पासून त्यांच्या कथा भाषांतराला मोकळ्या झाल्या. मंटो आमच्याच बिरादरीतले. पानावर जगणारे. फाळणीपूर्वी दिल्ली आकाशवाणीसाठी त्यांनी नभोनाट्ये लिहिली, पुढे लाहोरला त्या दिवसाच्या पैशांसाठी त्या दिवशी कथा लिहिल्या. त्यांचे वाक्य आखूड असते आणि तिथेच भाषांतरकार फसतो. मराठीत ते लांबवायचा मोह होतो. मी एक कथा घेते आणि महिनाभर तिच्याशी झटते. मोठे काम आले की बाजूला ठेवते, पण पान कुठे थांबले त्याची खूण घालून.

एवढे सांगितल्यावर वाटेल की मी एक क्षण वाया जाऊ देत नाही. तसे नाही. 'उत्पादक' हा शब्द कारखान्यातला आहे. माझे अब्बा यंत्रमागावर होते. वीज गेली की सगळ्या गल्लीतला खटखटाट एकदम थांबायचा. त्या शांततेत ते तुटलेले धागे गाठायचे, मागाला तेल द्यायचे. ते झाले की ओट्यावर येऊन बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. मजुरी कापडाच्या मीटरवर, त्यामुळे बसण्याचे पैसे नाहीत. तरी वीज आल्यावर ते लगेच उठत नसत. मिनिटभर तसेच बसत. त्या मिनिटाबद्दल मी त्यांना कधी विचारले नाही. माझ्या ज्या थोड्या कविता लोकांना आवडल्या, त्यांतल्या बहुतेक असल्याच मिनिटांत आल्या. वही हातात घेऊन त्यांची वाट पाहिली तेव्हा एकही आली नाही. म्हणून दुपारी चारनंतरचा अर्धा तास मी कशालाच लावत नाही, शब्दांच्या वहीलाही नाही.

मंटोंच्या सात कथा झाल्या आहेत. आठवीचे चौथे पान चालू आहे आणि ऑगस्टपर्यंत ती संपली नाही तर दिवाळीनंतर.