नसलेलं बोट दुखतं तेव्हा
(उत्सवातील बालमेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. त्यामुळे दुखण्याकडेही मी सिग्नलच्या नजरेने पाहतो, तेवढं चालवून घ्या.

ठेच लागली की आधी चटकन कळ येते, ठणका क्षणभर मागून. मज्जातंतूंवरून दोन गाड्या सुटतात. कळेची गाडी सेकंदाला ५ ते ३० मीटर धावते. ठणक्याची पॅसेंजर जेमतेम एक-दोन मीटर. आई पाय चोळते तेव्हा स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यातल्या फाटकावर वेदनेला थोपवतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी हे फाटक १९६५ साली मांडलं. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण आयांची पद्धत तीच आहे!

मिरचीचा ठेचा वाटला की हातांची आग होते. हात भाजलेला नसतो. पण साधारण ४३ अंशांना चटका ओळखणारं जे दार पेशीत असतं, तेच मिरचीनेही उघडतं. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. म्हणजे इजा नसतानाही आग खरीच होते.

आता आपल्या विश्वकर्मातलं. इथे घरटी कोणी ना कोणी मशीनवर आहे. गेल्या वर्षी एका मुलाने मला विचारलं, "काका, पप्पांची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. ती नसलेली बोटं रात्री दुखतात म्हणतात. आजी म्हणते, मनाचे खेळ आहेत."

मी त्याला आमचं पॅनेल समजावलं. ट्रॅक सर्किटची केबल तुटली की पॅनेलवर तो रूळ लाल दिसतो, गाडी असो वा नसो. बोट गेलं तरी मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते, तिथला दिवा लागतो. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ साली ज्या शहरात जयपूर फूट घडवला, तिथे तरी हे ठाऊक हवं. हात-पाय गमावलेल्या बहुतेकांना असं होतं. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साधा आरसा वापरला: धड हात आरशात बघायचा, मेंदूला वाटतं दुसराही आहे. काहींना आराम पडतो. डॉक्टरांना जरूर विचारावं.

"म्हणजे पप्पा खोटं नाही बोलत?" एवढंच त्याने विचारलं. नाही, म्हटलं.

दुखणंच नको, असं मात्र मागू नका. कुष्ठरोगात पाय बधिर होतो, खिळा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते.

पुढच्या रांगेतला एक हात केव्हाचा वर आहे. विचार, बाळ.